मागच्या खोलीची कडी

रंजनाला मंगलाबाईची जिरवायची होती. नवस नको, आशीर्वाद नको, एवढंच हवं होतं.

गेल्या श्रावणात डिंडोलीला मंगलाबाईच्या, म्हणजे रंजनाच्या मोठ्या जावेच्या घरी कुळाची देवी कानबाई बसली. सगळे भाऊबंद जमलेले. रंजनाच्या गायत्रीने हौसेने नैवेद्याची खिरीची वाटी उचलली आणि ती देवीपुढेच सांडली. पोरीचे हात जन्मापासून आखडलेले. मूठ वळली की उघडायची नाही आणि उघडली की काही धरायची नाही. घरात कोणाला हे ठाऊक नव्हतं? तरी मंगलाबाईने तिला दंडाला धरून मागच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी लावली. "आरती व्हईपर्यंत ऱ्हाऊ दे तठेच," म्हणाली. रंजना कडीकडे धावली, तर दोन चुलतसासवांनी तिला धरून ठेवलं. देवीसमोर तमाशा नको म्हणे! टाळ्यांच्या गजरात पोर आत दार बडवत होती. नवरा वाल्मिक मात्र मान खाली घालून टाळ्या वाजवत राहिला. कापडाच्या लूमवरची नोकरी थोरल्या भावाने लावून दिलेली, मग तोंड कुठून उघडणार!

तो राग रंजनाने वर्षभर निखाऱ्यासारखा जपला. उधन्याच्या थेरपी केंद्रात पूजाबेनने पहिल्याच दिवशी विचारलं, "बोलो, बेटी को क्या करना आना चाहिए?" बाकीच्या आया शर्टाची बटणं सांगत, पेन्सिल सांगत. रंजना म्हणाली, "भरी हुई वाटी लेकर चलना. पुढच्या कानबाईपर्यंत."

पूजाबेन पोरीचे तळवे चोळायची, बोटं एकेक करून सरळ करायची, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायला आणि काढायला द्यायची. गायत्रीला घट्ट धरता यायला लागलं, तशी पूजाबेन सोडायला शिकवू लागली. रंजना चिडली. सोडायला कशाला शिकवायचं? तेच तर नकोय! पूजाबेन हसली. "अपनी मरजी से छोड़े, तब हाथ उसका हुआ, रंजनाबेन."

केंद्रात एका फळीवर कड्या, कुलपं, बटणं ठोकलेली होती. गायत्री सुट्टी मिळाली की तिथेच जाऊन बसायची आणि एकच कडी सरकवत राहायची. "ते राहू दे, वाटी धर," रंजना खेकसायची. घरी ती साड्यांना टिकल्या चिकटवत बसायची आणि पोर पाण्याची वाटी घेऊन बोळात येरझाऱ्या घालायची. सांडलं की पुन्हा. रडकुंडीला आली की रंजना मंगलाबाईची आठवण द्यायची, "मोठी माय आठव." गायत्री दात खाऊन वाटी उचलायची.

श्रावण आला. कानबाई बसली. मंगलाबाई नव्या पोपटी साडीत मिरवत होती. रंजनाने काठोकाठ भरलेली वाटी लेकीच्या हातात दिली आणि सगळे वळून बघू लागले. गायत्री वाकडी पावलं टाकत निघाली. एक थेंब सांडला नाही. रंजनाने वर्षभर घोकलेलं वाक्य ओठांवर आलं: बघितलं का बाई, काही सांडलं का?

"दे बेटा," मंगलाबाई लोकलाजेस्तव पुढे आली.

गायत्रीने तिच्याकडे पाहिलं. मग अंगठा सुटला, मागोमाग एकेक बोट. सगळी खीर पोपटी निऱ्यांवरून खाली ओघळली.

"देखा! मी काय सांगेल व्हतं?" मंगलाबाई ओरडली. भाऊबंदांनी माना डोलावल्या. रंजनाची वर्षभराची मेहनत पाण्यात गेली. आता ही माणसं मरेपर्यंत म्हणतील, या पोरीच्या हातात काही टिकत नाही. तिचा हात उगारला गेला.

"पाडं नही मी, माय," गायत्री हळूच म्हणाली. "सोडी दिधं."

रंजनाचा हात तसाच राहिला. बोटं एकामागून एक कशी उघडली होती, ते तिला आत्ता नीट आठवलं.

मंगलाबाई तणतणत साडी बदलायला मागच्या खोलीत गेली. दिवा लागलेला होता, म्हातारे खोळंबले होते, कोणीतरी आरती सुरू केली. सगळे देवीकडे वळले. गायत्री तेवढी उलट दिशेने चालत गेली. तिने दार लोटलं, कडीवर बोटं ठेवली आणि ती सावकाश, शेवटपर्यंत सरकवली. मग येऊन आईजवळ उभी राहिली.

थोड्याच वेळात आतून दार बडवल्याचा आवाज आला. टाळ्यांच्या गजरात तो फक्त रंजनाला ऐकू आला. पोरीने तिच्याकडे वर पाहिलं.

आरती अजून बरीच बाकी होती. रंजना आणखी जोरात टाळ्या वाजवू लागली.