दोनदा साखर पडलेली

मी बाटलीतून बोलतेय, आणि आधीच कबूल करते, मला थोडी चढलीय. बिअरलाच चढावी म्हणजे हद्द झाली! पण बेल्जियन धाटणीची कडक बिअर नऊ वर्षं बुचाखाली मुरत बसली, की तिचं असंच होतं.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यातला. बाप मालक, मुलगी हाताखाली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच एकटी कढई सांभाळत होती. "तुझं तू कर," असं बाप म्हणाला खरा, पण त्याला कुठलं राहवतंय! ती बाटल्या धुवायला गेली तशी त्याने गुपचूप येऊन कढईत काळी साखर ओतली. ती परतली, आणि तिनेही ओतली.

मग काय, यीस्टची चंगळ! मी अशी फसफसले की पिंपाचं झाकणच उडालं. चव म्हणाल तर घशाला नुसता चटका.

"साखर किती टाकलीस गं?"

"कागदावर होती तेवढीच, बाबा."

"मग मोजताना चुकलीस," म्हणत तो नजर चुकवून निघून गेला. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण माझ्या तोंडात बूच!

तेव्हापासून ती पोर चिमूटभर मसालासुद्धा तीनदा तोलते आणि तरी घाबरते. मला फार वाईट वाटायचं. आज दुपारी तर तिने सांगूनच टाकलं, "बाबा, कढईवर दुसरं कोणी बघा. माझा हात नाही या कामाला." आणि जिन्याखालची माझी शेवटची बाटली तिने टेबलावर आणली. निरोपाची म्हणून.

बूच फाडकन उडालं! पेल्यात मी गडद तांबूस, वर बिस्किटाच्या रंगाचा फेस. काय दिसत होते म्हणून सांगू!

निरोपाला म्हणून आलेल्या तिच्या आत्याने पहिला घोट घेतला. "मनुका! अगदी मनुका." दुसरा घेतला. "छे, अंजीर. मागून लवंग येतेय." पेला रिकामा. "संत्र्याची साल होती की नव्हती? पुन्हा ओत बघू, खात्री करते."

मुलगी नुसती पेल्याकडे बघत राहिली. "चटका कुठे गेला हिचा?"

बापाने पेला तोंडाला लावला. मी त्याच्या घशातून ऊब देत खाली उतरले आणि आतून ओरडले, बोल की रे बाबा! दुसऱ्या घोटाला त्याचे कान लाल झाले. तिसऱ्याला पेला खाली ठेवून तो म्हणाला, "तू चुकली नव्हतीस. तुझ्याआधी मी येऊन साखर टाकून गेलो होतो."

"नऊ वर्षं, बाबा?"

"लाज वाटली गं. आणि असली बिअर मला जन्मात जमली नाही, तेही सांगायला लाजच वाटतेय."

तिचे डोळे भरले. मग तिला हसू फुटलं, आवरेचना. नाक पुसत ती म्हणाली, "उद्या सकाळी कढई चढवतेय. साखर दुप्पट. आणि तुम्ही जवळपास दिसलात तर याद राखा!"

माझ्या तर बुडबुड्यांना धीर धरवेना! आता तळाशी बोटभर उरलेय, गाळासकट. जाता जाता एकच विनवणी: कोणाला काही कबूल करायचं असेल, तर बाटली मुरायची वाट बघू नका. येते मी. आत्याने पेला पुढे केलाय.