चऱ्होलीतला पांढरा कागद

पवनगिरी महाराजांनी दोन्ही हात वर केले तेव्हा चऱ्होलीच्या त्या माळावर तीन-चारशे माणसं जमली होती. उजव्या हातात होमाआधीचा कागद होता, तव्याच्या बुडासारखा काळपट. डाव्या हातात आजचा, धुतल्या तांदळासारखा. यंत्र तेच, जागा तीच, मध्ये फक्त चोवीस तासांचा वायुशुद्धी होम.

“अग्नी विझवता येतो, पाणी अडवता येतं,” महाराज माइकवर म्हणाले. “वारा तेवढा कुणाचं ऐकत नाही. आमचं ऐकतो.”

गर्दी पुढे सरकली. कुणी कागदाला हात जोडले, कुणी मोबाइलवर फोटो घेतले. एका बाईने लेकराच्या कपाळाला तो कागद टेकवून मागितला, आणि महाराजांनी मोठ्या मनाने टेकवूही दिला. शेजारी बिल्डर गणराजशेठ डोळे मिटून उभे होते. याच माळावर त्यांच्या ‘अनंतछाया’चे चौदा मजली टॉवर उठायचे होते. माळाच्या पलीकडे काँक्रीटचा प्लांट घरघरत होता, डंपर येत-जात होते आणि हात जोडणाऱ्यांच्या डोक्यांवर सिमेंटची पूड बसतच होती. पण कागद पांढरा निघाला होता, तेव्हा हवा शुद्ध झाली होती.

बुद्धभूषण वाघमारे यंत्राभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर उभा राहून हे बघत होता. गंमत अशी की यंत्र त्याच्याच ताब्यातलं होतं. तो हवा तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत अकरा वर्षं कामाला होता. मोठी गृहयोजना उभारायची तर आधी तिथली हवा मोजून अहवाल द्यावा लागतो, मग परवानगी. मोजायची रीत सोपी आहे. यंत्रातला पंप चोवीस तास हवा ओढतो, वाटेत एक पांढरा कागद बसवलेला असतो, धूळ कागदावर अडकते. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. जेवढं वजन वाढलं तेवढी धूळ.

पहिला कागद बुद्धभूषणने स्वतः लावला होता आणि आकडा मर्यादेच्या तिप्पट आला होता. असा अहवाल गेला असता तर गणराजशेठना प्लांटच्या बाजूला झाडांचा रुंद पट्टा सोडावा लागला असता, आराखड्यातली शाळा हलवावी लागली असती, कदाचित एक टॉवरही. तेव्हाच महाराज अवतरले. पुन्हा मोजा म्हणाले, फक्त कागद शुचिर्भूत हातांनी लागला पाहिजे. बुद्धभूषण कोणत्या घरचा, हे कुणी तोंडाने बोललं नाही. समर्थ नावाच्या शिष्याने नम्रपणे एवढंच सांगितलं की तुम्ही दोरीबाहेर थांबा. मग भगव्या शालीच्या आडोशात समर्थने कागद बसवला. दुसऱ्या दिवशी शालीच्याच आडोशात काढला.

महाराजांचा गजर संपला तसा बुद्धभूषणच्या साहेबांचा फोन आला. यंत्र आपलं, कागद आपला, आकडा येईल तो लिही आणि सही करून टाक, असं त्यांचं म्हणणं. तोलल्यावर करतो, असं सांगून त्याने वेळ मारून नेली.

तोलला. वजन जवळपास वाढलंच नव्हतं.

दोन दिवस बुद्धभूषणला चैन पडेना. चहा समोर निवून जायचा. त्याने पंप उघडून पाहिला, तासांची नोंद तपासली, मोटार ऐकली. यंत्र चोवीस तास नीट चाललं होतं. महाराजांवर त्याचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. त्याचे वडील सव्वीस वर्षं भोसरीच्या एका फाउंड्रीत साच्यांत रेती भरून खोकत घरी बसले होते, आणि धुळीला मंत्र कळत नाही हे त्या घरात कुणाला वेगळं शिकवावं लागलं नव्हतं. पण यंत्रावर त्याचा विश्वास होता. आता यंत्रच महाराजांची साक्ष देत होतं. सहीचा कागद बॅगेत तसाच होता आणि साहेबांचे फोन वाढत होते.

तिसऱ्या सकाळी तो कामावर निघाला, तर शेजारच्या खोलीच्या उंबऱ्यावर कस्तुरा बसलेली दिसली. कस्तुरा बीडकडची, चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायची. तिला जुना दमा होता. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ती श्वास ओढत होती आणि श्वास येत नव्हता. ओठ काळेनिळे पडले होते. बुद्धभूषणने घरात धावत जाऊन तिचा श्वासाचा पंप शोधला. तो फळीवर देवांच्या मागे, महाराजांच्या विभूतीच्या पुडीखाली होता, आणि रिकामा.

गल्लीच्या तोंडाशी किसन रिक्षावाला होता. दोघांनी तिला उचलून घातलं आणि दवाखाना गाठला. तिथे वाफेचा मास्क लावल्यावर अर्ध्या तासाने तिचा श्वास रुळावर आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, औषध कधी बंद केलं आणि कुणाच्या सांगण्यावरून.

कस्तुराने बुद्धभूषणकडे पाहिलं. “हवा सुद्ध झाली म्हनले ना,” ती तुटक तुटक म्हणाली. “तुमच्याच मशिनीतून कागद पांढरा निघाला. मग कशाला घ्यायचं औषध?”

या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. तो उठून बाहेर आला. बाकावर बसवेना, म्हणून रिक्षाभोवती फेऱ्या मारू लागला. किसन आरशात बघून तोंडावरचा रुमाल सोडत होता. दिवसभर डंपरांच्या मागे रिक्षा चालवायची म्हणून तो रुमालाची दुहेरी घडी बांधायचा. त्याने रुमाल झटकून उलगडला. बाहेरचा पदर मातकट झाला होता. आतला पदर स्वच्छ होता.

बुद्धभूषण जागच्या जागी थांबला. त्याने रुमाल मागून घेतला, दोन्ही पदर बोटांनी चाचपले, मग बॅगेतून नोंदीचा कागद काढला. होम सुरू होताना काटा वाचायला त्यालाच दोरीच्या आत बोलावलं होतं. एक कोरा कागद लावला की पंप किती हवा ओढतो ते दाखवणारा काटा सव्वावर उभा राहतो, हे त्याला पाठ होतं. त्या दिवशी तो सुरुवातीपासूनच एकच्या खाली होता. त्याने तसं लिहिलंही होतं आणि लाइटीचा दाब कमी असेल म्हणून सोडून दिलं होतं. पंपाला दम लागत होता, कारण त्याच्या तोंडावर एक नाही, दोन कागद होते. आणि हे आपल्याच अक्षरात लिहून तो तीन दिवस बॅगेत घेऊन फिरत होता.

रविवारी माळावर फ्लॅटच्या बुकिंगचा मेळावा होता आणि पुन्हा होम. बुद्धभूषण सकाळीच बबनरावांकडे गेला. बबनराव गावच्या देवळाचे विश्वस्त, एकादशी न चुकवणारा माणूस. त्यांनाही महाराजांचं कौतुक होतं. बुद्धभूषणने त्यांच्याशी वाद घातला नाही. फक्त यंत्राजवळ बसून राहा, एवढंच मागितलं. बबनरावांनी जरा विचार केला आणि “बसतो की, त्यात काय,” म्हणून टोपी चढवली.

होमाच्या धुरात बुद्धभूषणने यंत्र मांडलं आणि जाहीर सांगितलं की पांढरा कागद मीही काढून दाखवतो. महाराज हसले. गणराजशेठ हसले नाहीत, पण लोकांपुढे नाही कसं म्हणणार? बुद्धभूषणने समर्थसारखीच शाल पांघरून कागद बसवला. दहा वाजता पंप सुरू झाला. बबनराव खुर्ची टाकून बसले, जेवायलाही उठले नाहीत. तीन वाजता बुद्धभूषणने पुन्हा शाल धरली आणि कागद वर काढला. पांढरा.

गर्दीने माना उंच केल्या. मग एक म्हातारी पुढे येऊन त्याच्या पायांशी वाकली. तो घाईने मागे सरला.

“आई, पाया पडू नका. मी मंत्र म्हटला नाही, सोवळं पाळलं नाही. सकाळी मिसळ खाऊन आलोय.” आणि त्याने शालीच्या घडीतून दुसरा कागद काढून बबनरावांच्या हातात दिला. तो राखेसारखा करडा होता. “दोन कागद एकावर एक बसवले होते. धूळ वरच्याने खाल्ली. खालचा कोरा राहिला. वरचा शालीत गेला, खालचा तुम्हाला दाखवला.”

बबनरावांनी करड्या कागदावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यांनी ते शेजारच्यांना दाखवलं.

महाराज म्हणाले, हा नास्तिकाचा हातगुण आहे, श्रद्धेशिवाय वायुदेव प्रसन्न होत नाहीत. तेव्हा बबनराव उठले. “म्हाराज, आज माजा उपास हाय. आंघूळ करून आलोय. एक कागद मी लावतो, एकच. तुमी मंत्र म्हना. आमी समदे हितंच बसतो.”

महाराजांना आळंदीला दुसरा कार्यक्रम असल्याचं तेव्हाच आठवलं. समर्थने शाल गोळा केली. गाडीच्या काचा वर गेल्या, एसी सुरू झाला आणि वायुदेवांचे लाडके भक्त आपली वेगळी हवा घेऊन निघून गेले.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. साहेबांनी बुद्धभूषणला त्या कामावरून काढलं. त्याने सही केली नाही, उलट काट्याची नोंद आणि करडा कागद जोडून परवानगी देणाऱ्या कार्यालयात पत्र दिलं. नव्याने मोजणी करण्याचा आदेश निघायला दोन महिने लागले. त्या वेळी कागद लावताना वस्तीतली वीस माणसं भोवती उभी होती. आकडा पुन्हा मर्यादेच्या वर गेला. शाळेची जागा बदलली, प्लांटभोवती पत्रे आले, रस्त्यावर पाणी मारणारा टँकर आला. टँकर अजूनही दोन-तीन दिवस दांडी मारतो, आणि मग बबनरावच फोन करतात.

कस्तुरा आता पंप ओच्यात बांधून फिरते. एकदा तिने बुद्धभूषणला विचारलं, कागद पांढरा होता तेव्हा निदान मनाला बरं वाटत होतं, आता तर रोज भीती वाटते, मग खरं कळून काय मिळालं?

त्याने तिच्या ओच्यातल्या पंपाकडे बोट दाखवलं. मग तो म्हणाला, “भीती वाटते म्हणून तू औषध घेतेस, कस्तुराताई. बरं वाटत होतं तेव्हा मरायला टेकली होतीस.”

हवा हात जोडल्याने स्वच्छ होत नाही. धूळ कुठून येते ते शोधावं लागतं, ती तिथेच अडवावी लागते, आणि अडवली की नाही ते पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला माइक लागत नाही की भगवी शाल. उद्या तुमच्या माळावर कुणी चमत्कार घेऊन आला, तर त्याच्याशी भांडू नका. शाल बाजूला करायला सांगा आणि म्हणा, कागद आम्ही लावतो.