कृष्णकांतचा ग्रह

कावळे नव्हते असं नाही. सुरूच्या शेंड्यांवर चांगले पाचसहा जण बसून माना वाकड्या करून खाली बघत होते. पण पिंडाला शिवायला एकही उतरत नव्हता. पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर कृष्णकांत राऊतचं दहावं चाललं होतं आणि वाळू तापायला लागली होती.

मुलाने, प्रणवने, हात जोडून कबूल करण्यासारखं होतं तेवढं सगळं कबूल केलं. आईला अंतर देणार नाही. वाडी विकणार नाही. पानवेलीच्या जागेत कुणाला गोडाऊन बांधू देणार नाही. कावळ्यांनी ऐकून घेतलं आणि ते जागचे हलले नाहीत. मग अंकुश पुढे झाला. बोईसरच्या कंपनीत बॉयलरवर तो आणि कृष्णकांत वर्षानुवर्षं एकाच शिफ्टला होते.

"कृष्णा, तुझा डबा त्या दिवशी मांजराने नाय, मीच खाल्ला होता," तो वर बघून म्हणाला. "सोड आता राग. ये खाली."

बायका पदराआड हसल्या. कावळा काही आला नाही.

मुलगी, चारुता, जरा मागे धीरजजवळ उभी होती. तो पुण्याहून रातोरात निघून पालघरला उतरला होता आणि बूट हातात धरून वाळूत उभा होता. पुण्यात एकाच खोलीत समोरासमोर काम करायची दोघं. त्याला भेटायला यावंसं वाटलं याचं तिला बरं वाटलं होतं. पण आता कावळ्यांची मनधरणी चाललेली तो बघतोय म्हटल्यावर तिला उगीचच कानकोंडं होत होतं.

प्रफुल्लकाकांनी मागे वळून पाहिलं. "चारू, पुढे ये बाय. दादाचा जीव कशात अडकलाय ते सगळ्यांना ठाव हाय."

"कशात?" तिने विचारलं. तिला ठाऊक होतं.

"तुझ्या ग्रहात."

ग्रह होता, हे खरं. एका दूरच्या ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारा, आपल्या गुरूसारखा वायूचा अवाढव्य गोळा. ताऱ्याच्या इतका जवळ की तिथलं वर्ष आपल्या आठवड्याच्या आत संपतं. एक बाजू कायम होरपळत असलेली, दुसरीकडे कायमची रात्र, आणि पाय टेकायला जमीन कुठेच नाही. हे चारुताने फोनवर सांगितलं तेव्हा वडिलांनी एकच विचारलं होतं, आपल्या बॉयलरपेक्षा गरम का? कितीतरी जास्त, ती म्हणाली होती. झालं! दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या बसमध्ये बातमी पसरली की कृष्णाच्या पोरीने बॉयलरपेक्षा गरम ग्रह शोधला. दर आठवड्याला वर्ष संपतं म्हणजे दर आठवड्याला दिवाळी, दर आठवड्याला बोनस, म्हणून लोकांनी त्याला तिकडे बदली मागायला सांगितलं. तो सगळ्यांबरोबर हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. सुट्टीला आलेल्या चारुताच्या देखत सांगायचा. ती आत जाऊन चहा टाकायची.

शोधणारे देशोदेशीचे बरेच जण होते. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो, तो उतार पुण्याच्या गटात पहिल्यांदा पाहिला धीरजने. चारुताचं काम नंतरचं. असे शेकडो उतार तपासायचे आणि यंत्राच्या चुकीने दिसलेले काढून टाकायचे. खोटं ते खोडायचं. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"म्हण," काका सांगत होते, "बाबा, माझ्या ग्रहाला तुमचंच नाव देईन. आन् मोठ्याने म्हण. बॉयलरवर राहून त्याला कमी ऐकू यायचं."

सगळे तिच्याकडे बघत होते. आई बघत होती. धीरजही बघत होता. तिचे कान तापले.

"काका, तो ग्रह माझा नाही," ती म्हणाली. आवाज मोठा लागला. "मी शोधलेला नाही. बाबा आपलं उगाच सांगत सुटायचे."

अंकुशने मान खाली घातली आणि तो पायाने वाळू सारखी करायला लागला. त्याच्याबरोबर बोईसरहून आलेले तिघेचौघे एकमेकांकडे न बघता समुद्राकडे बघायला लागले. आईने पदर डोक्यावर पुढे ओढून घेतला. शब्द परत घेता येतात का, हे शोधत चारुता उभी राहिली. तोवर भटजींनी घसा साफ केला.

"ऊन वाढतंय. दर्भाचा करू या."

चार काड्यांना पीळ देऊन त्यांनी कावळा केला, पिंडाला टेकवला, आणि पुढचे मंत्र सुरू केले.

परतताना धीरज तिच्या बरोबरीने चालत होता. वाळू संपल्यावर बूट घालता घालता तो म्हणाला, "म्हणून टाकायचं होतंस गं."

"तुझ्यासमोर?"

"माझं काय?" तो खरोखरच गोंधळला. "आजीच्या वेळी कावळा शिवेना, तेव्हा मी गावी परत येऊन राहीन म्हणालो होतो. राहतोय पुण्यात. पण कावळा शिवला बघ. आजोबा त्या दिवशी पोटभर जेवले."

चारुताने पुढे चाललेल्या बायकांकडे पाहिलं. तिच्या आईने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

घरी अंगणात पानं मांडली होती. भाताची परात घेऊन ती पंगतीत फिरायला लागली. आई दाराशी बसली होती, वाढून दिलेलं ताट तसंच पुढ्यात ठेवून. अंकुशपाशी आल्यावर चारुता थांबली.

"अंकुशकाका, मघाशी मी चुकीचं बोलले." सगळ्यांना, आईलाही ऐकू जावं म्हणून ती जरा जोरात बोलत होती. "ग्रह आहे माझ्याकडे. म्हणजे, नाव सुचवता येतं आम्हाला. बाबांचंच देणार आहे. वर कळवलंय मी."

जेवणारे हात थबकले. धीरज पानात बघत राहिला. कुणीतरी पाण्याचा तांब्या उगाचच सरकवला.

"हां," अंकुश म्हणाला. "बरं होईल." लहान मूल पडल्यावर 'काही नाही झालं' म्हणतात, त्या आवाजात म्हणाला. "कृष्णाला आवडंल."

"खरंच कळवलंय," चारुता म्हणाली.

"असू दे बाय," प्रफुल्लकाका पंगतीच्या टोकावरून हळूच म्हणाले. "भात वाढ. लोक खोळंबलेत."

तिने अंकुशच्या पानावर भात वाढला. त्याने 'बस' म्हणून हात आडवा धरला तरी वाढतच राहिली. मग दाराकडे पाहिलं. आई भरलेलं ताट उचलून आत चालली होती.