भिंत भरली, दप्तर रिकामं

"हलवू नकोस गं! रेघ वाकडी जाईल!"

आमचे हे माझ्यावर खेकसले. मी काही हलवलं नव्हतं, नुसता चहाचा कप खाली ठेवला होता. बाहेरच्या खोलीत प्लायवूडची अख्खी फळी आडवी पडली होती आणि हे गुडघ्यांवर बसून नातीच्या पाण्याच्या बाटलीभोवती पेन्सिल फिरवत होते. एरवी गुडघे दुखतात म्हणून पडलेलं वर्तमानपत्रही उचलत नाहीत!

नात म्हणजे आमची भिंगरी. पाचवीपर्यंत एकच बाई, एकच वर्ग, त्यामुळे तिचं निभावून गेलं. सहावीत आली आणि प्रत्येक तासाला वेगळे शिक्षक, वेगळ्या वह्या, आज नकाशावही, उद्या प्रयोगवही. पोरीची पार तारांबळ उडाली. वही नेली तर कंपासपेटी घरी, कंपासपेटी नेली तर डबा घरी. मुलगा आणि सूनबाई उजाडताच कामावर पळतात, तेव्हा ही सगळी सर्कस आम्हा दोघांच्या पदरात.

त्यातच शाळेच्या बँडमध्ये तिला मोठा ढोल मिळाला. आनंदाने पोरगी उशीसुद्धा बडवायची. आणि हीच पोरगी सरावाला ढोलाच्या काठ्या घरी विसरून गेली, लागोपाठ दोनदा. बँडचे सर म्हणाले, "पुढचा आठवडाभर सगळं सामान रोज हजर पाहिजे. एक दिवस चुकलीस, तर ढोल दुसऱ्या मुलीला." भिंगरी घरी येऊन जी रडली, ती जेवायलाही उठेना.

तेव्हा ह्यांनी कंबर कसली. हे कारखान्यात हत्यारांच्या स्टोअरचे कीपर होते, पार निवृत्त होईपर्यंत. तिथे भिंतीवर प्रत्येक पान्याची, पकडीची, हातोडीची काळी आकृती रंगवलेली असायची. हत्यार परत आलं नाही की आकृती उघडी पडायची, आणि उघडी आकृती दिसली की ह्यांचा जीव खाली-वर. भिंत भरल्याशिवाय कुलूप नाही!

"तसंच करू," हे म्हणाले. "बघतोच कशी विसरते."

फळी भिंतीवर चढली. कंपासपेटी, नकाशावही, डबा, बाटली, ढोलाच्या काठ्या, सगळ्यांच्या काळ्या आकृत्या आणि वर एकेक खिळा. हौसेला मोल नाही म्हणतात ना! माझी कात्रीही त्यांनी टांगली आणि मी ती न विचारता घेतली म्हणून मला दम भरला.

"अहो, मी तुमची कामगार आहे का?"

"नियम म्हणजे नियम."

सोमवार ते बुधवार अगदी झोकात गेले. भिंगरी हात पसरून उभी राहायची, हे एकेक वस्तू काढून दप्तरात भरायचे आणि मिशीत हसायचे. मी म्हटलं, "अहो, कामगारांचे नट-बोल्टही तुम्हीच आवळत होता का? तिला भरू द्या की!" पण ह्यांच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

गुरुवारी हे तापाने फणफणले. मी उठू दिलं नाही. अंथरुणातूनच हुकूम सुटला, "भिंगरे, भिंत नीट बघ! एकही जागा रिकामी दिसता कामा नये!"

"एकही रिकामी नाही, आजोबा!"

"शाब्बास! मग लाव दार आणि पळ!"

पोरगी उड्या मारत गेली. थोड्या वेळाने मी केर काढायला बाहेरच्या खोलीत आले आणि बघते तर काय, डबा भिंतीवर, वह्या भिंतीवर, बाटली भिंतीवर, काठ्या भिंतीवर! आजोबांनी आयुष्यभर संध्याकाळी स्टोअर बंद करताना जे पाहिलं, तेच नातीला सकाळी पाहायला सांगितलं होतं. तिने अगदी मन लावून पाहिलं आणि रिकामं दप्तर घेऊन शाळेत गेली.

मला इतकं हसू आलं की केरसुणी टाकून मी खाली बसले. मग ढोल आठवला आणि तशीच उठून ह्यांना सांगायला धावले.

ह्यांनी ऐकलं मात्र, ताप कुठल्या कुठे! गळ्याला मफलर, एका पायात माझी चप्पल, हातात पिशवीभर सामान. मी मागे धावले. मैदानावर बँडचा सराव सुरू होणार होता आणि भिंगरी मोकळ्या हातांनी कोपऱ्यात उभी होती. तिचं तोंड बघवेना.

"सर," हे धापा टाकत म्हणाले, "चूक स्टोअरची आहे. पोरीने सांगितलं तसंच केलं."

सरांना काही कळेना. मी सगळं सांगितलं. सर हसू दाबायला तोंड फिरवून खोकू लागले. काम झालं असं मला वाटलं, तोवर भिंगरीच पुढे आली.

"नाही सर. दप्तर माझं आहे. हलकं लागलं तर मला बरंच वाटलं. मी उघडून बघितलंच नाही."

हे तिच्याकडे बघतच राहिले. सर म्हणाले, "हा आठवडा गेला. सोमवारपासून नवा. तोवर ढोल कपाटात. आणि आजोबांना मदतीला आणायचं नाही."

त्या रविवारी भिंगरीने फळी उतरवली. आजोबांच्या रेखीव आकृत्यांवर सरळ पांढरा रंग फासला आणि स्वतःच्या काढल्या. नकाशावहीशेजारी मोजे, मोज्यांखाली डबा. वर ठळक लिहिलं, 'रिकामी झाली की निघा'.

"मोज्यांशेजारी वही?" हे कळवळले. "असं कुठे असतं का?"

"आजोबा, मंगळवारी भूगोल आणि खेळ एकापाठोपाठ असतात."

ह्यांनी हात आवरले. कसे आवरले ते मलाच ठाऊक! आठवडाभर हे रोज सकाळी खुर्चीत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. मंगळवारी भिंगरी नकाशावही टांगलेलीच ठेवून दाराकडे निघाली, तेव्हा ह्यांना असा काही ठसका लागला की मी चांगला चिमटा काढला. भिंगरी दाराशी थांबली, भिंतीकडे वळून पाहिलं, "अय्या!" म्हणाली आणि वही घेऊन गेली. ह्यांनी केवढा मोठा श्वास सोडला!

शनिवारी घरी आली ती नाचतच. "मिळाला! ढोल मिळाला!" ह्यांनी तिला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही सोफ्यावर पडली. मी हसता हसता रडले, खोटं कशाला सांगू!

सोमवारी भिंगरीने फळीवरचं सगळं भराभर काढलं, दप्तराची चेन लावली, "येते!" म्हणाली आणि गेली. हे खिडकीशी जाऊन उभे राहिले. फळी यायच्या आधी ती बऱ्याचदा काहीतरी विसरून निम्म्या रस्त्यातून परत फिरायची आणि हे खिडकीतून ती वस्तू उंच धरून दाखवायचे. आज ती काठ्या हवेत आपटत ताल धरून चालली होती. कोपऱ्यावर पोचली, वळली आणि दिसेनाशी झाली. मागे पाहिलंच नाही.

ह्यांचा हात हलवायला वर गेला होता, तो तसाच राहिला.

"गेली बघ," हे म्हणाले. चेहरा असा फुलला होता की मला आमच्या लग्नातले हे आठवले. मी जवळ जाऊन तो वर राहिलेला हात धरून खाली घेतला, आणि मग सोडला नाही.