न केलेली प्रार्थना

दवाखान्यांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात जिला तिला कामावरून नाव पडलेलं. कॉलर लावायची ती कॉलरताई. तिच्या शेजारच्या मशीनवर काजं करायची ती काजवाली. कॉलरताई ख्रिस्ती आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. डबा उघडण्याआधी ती डोळे मिटायची. रविवारी उपासनेत तिनं प्रार्थना केली की माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं, असं तिचा नवरा कौतुकानं सांगत फिरायचा.

म्हणूनच एक दिवस काजवाली तिच्याकडे आली. "ताई, उद्या आईचं पोटाचं ऑपरेशन आहे. आमचं देवाशी फारसं जाणंयेणं नाही. तुमची ओळख आहे, तर तेवढा शब्द टाका ना."

"नक्की. रोज टाकेन," कॉलरताई म्हणाली आणि बॉबिन बदलायला वळली. त्यानंतर ती ते साफ विसरली.

तीन आठवड्यांनी काजवालीनं सगळ्यांसमोर तिचे दोन्ही हात धरले. "आई काल आपल्या पायांनी दारापर्यंत चालत गेली, ताई. तुमच्या प्रार्थनेनं."

कॉलरताईला आत्ता कुठं आपल्या शब्दाची आठवण झाली. पण तोंडातून सवयीनं निघालं, "मी कोण? सगळं प्रभूनं केलं."

त्या दिवशी तिनं पाच कॉलरी उलट्या लावल्या, उसवल्या आणि परत उलट्याच लावल्या. घरी भाजीत मीठ दोनदा पडलं. नवऱ्यानं खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं ते अर्धंच, की काजवालीनं प्रार्थना मागितली होती आणि तिची आई बरी झाली. मंडळीत सांगत फिरायला त्याला तेवढं पुरलं. शनिवारी चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला, "बाई, उद्या त्या आजारी बाईबद्दल साक्ष द्या, देवानं काय केलं ते सगळ्यांपुढे सांगा. मंडळीला धीर येईल."

"घसा बसलाय हो," ती म्हणाली. मग ते निभावण्यासाठी दिवसभर खोकत राहिली. नवऱ्यानं दोनदा गरम पाणी आणून दिलं, ते तिला गिळवेना.

रविवारी घसा बसलेला म्हणून तिला प्रार्थना सांगितली नाही. बाकावर बसून तिनं मनातल्या मनात करून पाहिली, तर पहिल्या वाक्यापुढे काही येईना. ऐकायला कोणी नसताना आपण देवाशी शेवटचं कधी बोललो, हे तिला आठवेना. मग गाण्यासाठी सगळे उठले. गाणं संपलं, सगळे बसले. ती मात्र एकटीच उभी राहिली होती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं काजवालीला कापडाच्या ताग्यांमागे नेलं. "तुझ्या आईसाठी मी प्रार्थना केलीच नाही. एकदाही नाही. विसरले."

काजवालीला आधी थट्टा वाटली. मग तिचा चेहरा उतरला. "मी रोज आईला सांगायची, एक बाई तुझ्यासाठी देवाजवळ बसलीय, धीर सोडू नको. त्यावर तिनं ते दिवस काढले, ताई."

"चुकलं माझं."

"मग आता तरी का सांगितलंत? बरं चाललं होतं की."

खरं बोलल्यावर हलकं वाटेल असा कॉलरताईचा अंदाज होता. तसं काही झालं नाही. काजवालीनं तिच्याशी बोलणं टाकलं. दोन मशीनमध्ये हातभर अंतर, पण कात्री हवी असली तरी ती पलीकडच्या बाईकडे मागायची. कॉलरताई सकाळी घरचे उठण्याआधी स्वयंपाकघरात बसू लागली. अडखळत, गप्प राहत, कधी नुसतं "प्रभू, मला येत नाही" एवढंच म्हणत.

दहा-बारा दिवसांनी सुट्टी झाल्यावर ती घर विचारत विचारत काजवालीकडे गेली. दार काजवालीनंच उघडलं. ती दारातून बाजूला झाली.

आतल्या खाटेवर तिची आई उशांना टेकून बसली होती. बारीक अंगाची, डोळे मात्र चांगलेच तल्लख. "विसरलेली ती तूच का?"

"हो, मावशी."

"माझं नाव तरी माहीत आहे?"

कॉलरताईनं नकारार्थी मान हलवली. तेसुद्धा तिनं कधी विचारलं नव्हतं. म्हातारीनं सांगितलं. "आता कर. मोठ्यानं कर, मला ऐकू येईल अशी. खात्री झालेली बरी."

कॉलरताईनं डोळे मिटले. रविवारची सुरेख वाक्यं जवळ येईनात. तिनं देवाला त्या बाईचं नाव सांगितलं, टाके दुखतात ते सांगितलं, आणि आपण हिला फसवलं तेही सांगितलं. मग ती थांबली.

"एवढंच?" म्हातारीनं विचारलं.

"एवढंच येतंय."

"चालेल. उद्या ये."

ती रोज जाऊ लागली. कधी पाठ पुसून द्यायची, कधी औषधांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवायची, आणि निघताना दोन वाक्यांची प्रार्थना. काजवाली अजून मोजकंच बोलायची, पण चौथ्या दिवशी तिनं खुर्ची पुढे सरकवली.

पुढच्या रविवारी कॉलरताईनं आपणहून साक्ष मागून घेतली आणि घसा बसल्याच्या थापेपासून सगळं सांगितलं. नवरा खाली मान घालून बसला होता. कोणी रडलं नाही. उपासना संपल्यावर दोन बायका तिला टाळून गेल्या, तिसरी मात्र जवळ येऊन हळूच म्हणाली, "मीसुद्धा अशीच एकीला प्रार्थना कबूल करून बसलेय, केली मात्र नाही. तिच्याकडे माझ्याबरोबर येशील का?"

कॉलरताईला तिथल्या तिथे धडकी भरली. तरी तिनं चपला घातल्या आणि विचारलं, "कुठं राहते ती?"