बुरशीनाथाचं तीर्थ

भेंडवाडीत त्या मंगळवारी माणसांपेक्षा शिळ्या भाकरी जास्त जमल्या होत्या. कुणी फडक्यात, कुणी डब्यात, तर कुणी थेट पूजेच्या ताटात हिरवी-काळी लव आलेल्या ज्वारीच्या भाकरी घेऊन पुंजाजी शेतकऱ्याच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, हिवराच्या झाडाखाली रांग लावून उभं होतं. ज्याची बुरशी दाट, त्याची भक्ती मोठी, असा हिशेब होता.

"माह्या भाकरीले तर दोनच दिवसांत आली वं! देवाची कृपा, दुसरं काय?" एक बाई शेजारणीला सांगत होती. शेजारणीच्या भाकरीला पाच दिवस होऊनही बुरशी धरली नव्हती. ती बिचारी भाकर पदराखाली लपवत म्हणाली, "आमच्यातच काई कमी असन बाप्पा."

नांदगाव खंडेश्वरहून आलेल्या काळीपिवळी जीपमधून लुबना उतरली आणि बघतच राहिली. अमरावतीच्या विद्यापीठात ती वनस्पतिशास्त्रात पीएचडी करत होती. गेली तीन वर्षं दर दोन महिन्यांनी ती याच हिवराची पानं कात्रीने कापून न्यायला यायची. पानाच्या आत एक बुरशी राहते, झाडाला कसलाही त्रास न देता, शहाण्या भाडेकरूसारखी. त्या बुरशीतून निघणाऱ्या एका रसायनाने प्रयोगशाळेतल्या काचेच्या डबीतल्या कर्करोगाच्या पेशी मेल्या होत्या. एवढंच तिचं संशोधन. एवढंच तिने महिन्यापूर्वी एका वार्ताहराला तासभर समजावून सांगितलं होतं. त्याने मान डोलावली, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी मथळा छापला: 'हिवराच्या पानात कॅन्सरचा काळ!'

तोच मथळा आता हिवराच्या खोडावर चौकटीत लटकत होता. खाली लुबनाचा फोटो होता, आणि फोटोला झेंडूचा हार.

आपल्याच फोटोला हार घातलेला बघण्याची वेळ फार थोड्यांवर येते. लुबनाने आधी स्वतःची नाडी बघितली.

२००६ साल होतं. कापसावर लाल्या रोग पडला होता आणि बऱ्या बातमीने गावाकडे पाठ फिरवली होती. अशा दिवसांत बुरशीनाथ महाराज अवतरले होते. अंगात शेवाळी रंगाची कफनी, दाढीला मेंदी आणि समोर पाटावर काचेची मोठी लोणच्याची बरणी. बाजूला सरपंच केशवराव छातीवर हात बांधून असे उभे होते, जणू महाराजांना त्यांनीच वर्गणी काढून बनवलं होतं.

"भक्तहो!" महाराज गरजले. "इंग्रज लोक ज्याले फंगस म्हणते, तो शब्द त्याइनं आपल्याकडूनच चोरला! उलटा वाचा! स, ग, फं! स म्हणजे सर्व, ग म्हणजे गाठी, फं म्हणजे...?"

"फट्!" गर्दी ओरडली.

"सर्व गाठी फट्! वेदात लिहून आहे, पण पान चिकटून होतं!"

एक म्हातारा पुढे सरकला. त्याच्या मानेवर सुपारीएवढी गाठ होती. महाराजांनी कफनीची बाही फडकवली, गाठीवर हात फिरवला, एक किंकाळी फोडली आणि मूठ उघडली. तळव्यावर कुंकवाने माखलेला लाल गोळा! म्हाताऱ्याची गाठ मानेवर जिथल्या तिथेच होती, पण त्याच्या मानेकडे बघतो कोण? महाराजांनी गोळा बरणीतल्या तीर्थात टाकला आणि मोरपिसाच्या देठाने खाली दाबला. फसफस झाली, बुडबुडे आले आणि पाच-सहा सेकंदांत गोळा नाहीसा!

"माय वं!" बायकांनी हात जोडले.

"आतली गाठ आठ दिवसांत अशीच जाईन. भाकरीची बुरशी सकाळी अनशापोटी खायची. इंजेक्शन बंद, गोळ्या बंद, नाईतर बुरशीमाता रुसते! आन् इथं कोणी कापूर पेटवू नका, उदबत्ती लावू नका, बिडी तर बिलकूल नाई. देव तापट आहे. भडका उडन!"

लुबनाला हसू आवरेना. पण त्याच वेळी रांगेत तिला दुर्गाबाई दिसली आणि हसू विरलं.

दुर्गाबाई म्हणजे पुंजाजींची बायको. तीन वर्षांत लुबनाला या घरची भाकर आणि चून, म्हणजे पिठलं, खायची सवय झाली होती. चार महिन्यांपूर्वी दुर्गाबाईच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंकडे तिला लुबनाच घेऊन गेली होती. सलाइनमधून औषधाचे दोन डोस झाले होते. डोक्यावरचे केस गेले होते, म्हणून तिने पदर कपाळापर्यंत ओढला होता.

"काकू, तिसरा डोस मागच्या सोमवारी होता ना?"

पुंजाजी तिच्या मागेच उभे होते. उत्तर त्यांनीच दिलं. "नाई गेलो मॅडम. लय ओकाऱ्या होते तिले. आन् झाड आपलं, बुरशी आपल्या झाडाची, शोधली तुमी. मंग अमरावतीले कायले जायचं?"

"काका, मी असं कुठं म्हटलं?"

"पेपरात आलं न! तुमचा फोटो आहे. मी महाराजावर नाई, तुमच्यावर इस्वास ठेवला."

लुबनाने खोडावरच्या हाराकडे पाहिलं. महाराजांना उघडं पाडणं सोपं होतं. पण या माणसाला इथवर तिच्याच फोटोने आणलं होतं. पानं राहिली बाजूला. आज इथून हललं तर दुर्गाबाईला घेऊनच, असं तिने ठरवलं.

ती रांग सोडून पाटाजवळ गेली. मोगऱ्याच्या अत्तराचा असा भपका आला, की लग्नात शिरल्यासारखं वाटलं. पण अत्तराच्या खाली आणखी एक वास होता, नाकात टोचणारा. लुबनाने डोळे मिटले आणि ती सरळ अमरावतीच्या राजापेठेत पोचली, अब्बांच्या रंगाच्या दुकानात. अब्दुल रहीम पेंटवाले ब्रश धुवायला जे वापरायचे, तेच हे! थिनर. देव तापट का होता, तेही कळलं.

तिने नीट पाहिलं. पाटावर बरणी एक आणि पितळी तांब्या दुसरा. भक्तांच्या हातावर पडत होतं ते तांब्यातलं साधं पाणी. बरणीतलं तीर्थ कुणालाच मिळत नव्हतं.

रस्त्याच्या कडेला सूर्यभानची चहाची टपरी होती. गर्दीमुळे त्याने आज थर्माकोलच्या ग्लासांची नवी थप्पी फोडली होती. लुबनाने त्यातला एक कोरा ग्लास मागितला.

"चहा नाई पाहिजे?"

"तीर्थ घ्यायचं आहे, दादा. तुम्हीपण चला, मजा आहे."

ती महाराजांसमोर हात जोडून उभी राहिली आणि गावच्याच बोलीत बोलू लागली. वर्तमानपत्राच्या शाईने फोटोची इतकी वाट लावली होती, की महाराजांनी तिला ओळखलं नाही.

"महाराज, मले ग्लासभर तीर्थ द्या. या बरणीतलं."

"ते उग्र आहे, बेटा. माणसाले झेपत नाई. तू तांब्यातलं घे."

"पिणार नाई, घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवतो."

"देऊन टाका न महाराज!" केशवराव उदारपणे म्हणाले. "आपल्या गावची पाहुणी आहे." आणि महाराजांनी नको नको म्हणेपर्यंत सरपंचांनी स्वतः बरणी उचलून ग्लास भरला.

क्षणभर ग्लास टिकला. मग ग्लासाने मान टाकली. बूड विरघळलं, कडा आत मुडपल्या आणि सगळं तीर्थ सळ्ळकन महाराजांच्या मांडीवर. लुबनाच्या हातात उरली एक पांढरी चिकट बांगडी.

"अबे!" सूर्यभान किंचाळला. "माह्या गिलासाले कॅन्सर होता!"

पहिलं हसू पोरांमध्ये फुटलं, मग बायकांमध्ये, आणि मग ते आवरेना.

"गिलास पापी होता!" महाराज मांडी चोळत ओरडले.

"थांबा, पुण्यवान गिलास आणतो," म्हणत सूर्यभानने अख्खी थप्पी आणली. एकामागून एक ग्लास बरणीत बुडाले आणि गेले. बाविसाव्या ग्लासापर्यंत एकही पुण्यवान निघाला नाही.

लुबनाने पुढे होऊन महाराजांची बाही धरली आणि झटकली. टप् टप् टप्! कुंकवाने रंगवलेले सात थर्माकोलचे गोळे धुरळ्यात घरंगळले.

"हे काही तीर्थ नाही, रंग पातळ करायचं थिनर आहे," ती म्हणाली. "आमच्या दुकानात मिळतं. थर्माकोलमध्ये हवाच जास्त. थिनरमध्ये टाकलं की हवा निघून जाते, बुडबुडे येतात आणि उरलेलं विरघळतं. गोळा बाहीतून मुठीत येतो, गाठीतून नाही."

केशवरावांना आता आपली बाजू सावरून घ्यायची होती. "तरीपण बुवा, गाठीवर काई ना काई परिणाम..."

तेव्हा दुर्गाबाई रांगेतून पुढे आली. तिने खाली वाकून एक लाल गोळा उचलला, दोन बोटांत दाबला. तो चुरचुरला.

"सरपंच, मी रोज रात्री हात लावून पाह्यतो. माह्यी गाठ थर्माकोलची नाई."

हसू थांबलं. महाराज तेवढ्यात कफनी आवरून निघत होते, पण ओल्या कापडाला थिनरचा वास इतका होता, की अंधारातही सापडले असते. इथे तर भर दुपार होती. लोकांनी त्यांना टपरीच्या बाकावर बसवलं आणि केशवरावांनीच पोलिसांना फोन लावला. उद्घाटनालाही तेच होते, समारोपालाही तेच. पुढे चौकशीत कळलं, की महाराज मूळचे अकोल्याचे. गणपतीचे थर्माकोलचे मखर बनवायचा धंदा होता. एकदा रंगाच्या घाईत थिनर सांडून एक अख्खा गाभारा विरघळला, आणि त्या दिवशी त्यांना साक्षात्कार झाला.

गर्दी पांगेना. पुंजाजी हिवराकडे बघत उभे होते. "मंग मॅडम, तुमी पेपरात सांगतलं, तेबी खोटं?"

लुबनाने खोडावरचा स्वतःचा फोटो उतरवला, हार काढून ठेवला. "खोटं नाही, काका. पण अर्धं. डबीतल्या पेशी माझ्या बुरशीने मेल्या. पण उकळतं पाणी ओतलं तरी त्या मरतात. हे थिनर ओतलं तरी मरतील. पेशी मारणं अवघड नाहीच. गाठ मारायची आणि माणूस ठेवायचा, हे अवघड. ते मला अजून जमलेलं नाही. जमलं की आधी जनावरांवर, मग माणसांवर तपासायचं. वर्षं जातात. पेपरवाल्याला मी हे ओरडून सांगायला पाहिजे होतं. चूक माझी झाली."

"आन् भाकरीची बुरशी?" पाच दिवसांच्या भाकरीवाल्या बाईने विचारलं.

"बुरशीच्या हजार जाती. एखादी औषध देते, तर बुरसटलेल्या शेंगदाण्यावरची एक यकृताचा कॅन्सर करते. डोळ्याने फरक कळत नाही. तुमच्या भाकरीला धरली नाही ना, मावशी? तुम्हीच सगळ्यांत भाग्यवान."

मावशीने भाकर पदराबाहेर काढली आणि पहिल्यांदाच सगळ्यांना दाखवली.

दुसऱ्या दिवशी पुंजाजी, दुर्गाबाई आणि लुबना अमरावतीला गेले. डॉक्टरीणबाई आधी रागावल्या, मग त्यांनी दुर्गाबाईला ओकाऱ्यांसाठी वेगळी गोळी लिहून दिली. "मागच्या वेळीच सांगायचं ना, की इतका त्रास होतो! सोसत कशाला बसलात? आणि झाडपाल्यावर एवढा जीव आहे, तर ऐका. हे सलाइनमधलं औषधही आधी एका झाडाच्या सालीतच सापडलं. फक्त त्याची परीक्षा घेऊन झाली आहे. हजारो बायकांवर, मोजूनमापून."

दुर्गाबाईने थेंब थेंब उतरणाऱ्या सलाइनकडे पाहिलं. "असं कोणी सांगतलंच नाई," ती म्हणाली.

चार डोस आणखी झाले, गाठ लहान झाली, मग ऑपरेशन झालं. पाच वर्षं तपासणी चालेल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. चमत्कार कुठेच झाला नाही.

आणि लुबनाच्या बुरशीचं? पुढच्या प्रयोगात त्या बुरशीने कर्करोगाच्या पेशींबरोबर निरोगी पेशीही मारल्या. अगदी भेदभाव न करता. लुबनाने ते प्रबंधात जसंच्या तसं लिहिलं आणि तोंड पाडून भेंडवाडीला सांगायला आली.

दुर्गाबाई ओसरीत शेंगा निवडत होती. डोक्यावर बोटभर नवे केस आले होते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे नापास झाली तुयी बुरशी?"

"हो, काकू."

"मंग रडून काहून राहिली? महाराजाची बुरशी कदी नापास झाली होती का? कोणी परीक्षाच नाई घेतली तिची." तिने सूप बाजूला ठेवलं आणि बांधापलीकडे हात केला. "थो पाह्य, पळस आहे. त्याच्या मांगं मोह आहे. कात्री आणली का?"