भुजंगरावांच्या सरळ ओळी

भूकंपानंतर नवी गावं उभी करायला वाळू लागली, ती घरणी नदीनं दिली. दिली म्हणजे तिला कुणी विचारलं नव्हतं. गावाखालच्या डोहाचा तळ खरवडून निघाला, वाळूबरोबर शिंपलेही ट्रकात चढले, आणि पुढं पाणी इतकं गढूळ झालं की म्हशीसुद्धा विचार करून उतरायच्या. शिंपले पाणी गाळतात, ते गेले म्हणून असं झालं, हे भुजंगरावांना नातीकडून कळलं. नात वर्षाराणी लातूरला क्लासला होती. त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं एकच धरलं, डोहात पुन्हा शिंपले आणायचे.

ग्रामसभेत हशा झाला. नव्या वाळूवाल्याचा ट्रॅक्टर तर काठावर येऊन उभाच होता. शेवटी सरपंच संगप्पा म्हणाला, "काका, दोन पावसाळे देतो. डोहात शिंपल्याची पिल्लं दिसली तर वाळूला कुनी हात लावायचा न्हाई. न्हाई दिसली तर तुमी बाजूला व्हायचं."

"कबूल," म्हणून भुजंगराव कामाला लागले.

शिरूर अनंतपाळच्या बाजारात मासळी विकणाऱ्या जहांगीरभाईंनी मुदखेडकडच्या एका तळ्यातून ओल्या पोत्यांत जिवंत शिंपले आणून दिले. भुजंगरावांनी जन्मभर हळद लावलेली. त्यांनी गुडघाभर पाण्यात दोरी ताणली, वीतभर अंतर सोडलं आणि एकेक शिंपला हळदीच्या कंदासारखा डोळा वर करून लावला.

"पाटील, ह्याला डोळा कुठं असतो?" जहांगीरभाईंनी काठावरून विचारलं.

"नसंल. पन वरची बाजू तर असंल."

लावणी झाली, आता राखण. मासे शिंपले खातील म्हणून जहांगीरभाईंना जाळं टाकायला लावून त्यांनी अख्खा डोह मोकळा केला. काठावर बुजगावणं उभं केलं. तरी एक कटकट राहिलीच. शिंपले रात्रीतून सरकायचे आणि सकाळी ओळी वाकड्या दिसायच्या. भुजंगराव रोज पाण्यात उतरून त्यांना पुन्हा दोरीत आणायचे.

"लई बेशिस्त जात हाय," ते म्हणायचे.

गुणाबाई पलीकडच्या दगडावर बसून दुधाच्या पातेल्याची खरवड जुन्या शिंपलीनं काढत असायच्या. "आवो, त्यांना जरा निजू द्या की," त्या म्हणायच्या. पण चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं त्यांचं ऐकायची पद्धत पडलेली नव्हती.

एक पावसाळा गेला. पिल्लू एकही नाही.

दिवाळीला वर्षाराणी घरी आली आणि आजोबांबरोबर डोहावर गेली. पाण्याकडं बघून म्हणाली, "आबा, मासे कुठंयत?"

"हाकलले."

"सगळे?"

"एकूणएक. राखण म्हंजे राखण."

तिनं कपाळाला हात लावला. "आबा, शिंपल्याचं पिल्लू आधी माशाच्या कल्ल्याला चिकटतं. तिथं वाढतं, आणि मासा हिंडेल तिथं गळून पडतं. मासा न्हाई तर पिल्लू न्हाई. एका मार्काला येतं हे."

"मग हे आधी का न्हाई सांगितलंस?"

"आमचा तो धडा आत्ता झाला."

दुसऱ्याच दिवशी भुजंगराव बाजारात. "जहांगीरभाई, मासे परत आना."

"पाटील, तुमचे मासे लोकांनी कवाच खाल्ले."

"दुसरे आना. जिवंत."

"जिंदगी गेली मासे विकन्यात," जहांगीरभाई म्हणाले, "पन मासा घेऊन पान्यात सोडनारं गिऱ्हाईक आजच बघून राहिलो."

दुधाच्या कॅनमधून मासे आले. भुजंगरावांनी ते नेमके ओळींवर सोडले. पण मासे ओळींवरून एक चक्कर मारायचे आणि जाऊन बसायचे गुणाबाईंच्या दगडापाशी, कारण खरवड पडायची तिथं.

"तुझ्या भांड्यांनी मासे बिघडले. दुसरीकडं घास," भुजंगराव म्हणाले.

"दगड माझ्या सासूचा हाय. मासे तुमचे. त्यांना समजावा."

दुसरा पावसाळा सरला, पाणी उतरलं आणि ग्रामसभा थेट डोहात भरली. संगप्पानं पँट गुडघ्यावर घेतली. चार जणांनी पहिली ओळ चाचपली, दुसरी चाचपली. मोठे शिंपले होते तसे होते, पिल्लू नव्हतं. शेवटची ओळ भुजंगरावांनी स्वतः चाचपली, बोटं गाळात खुपसून, अगदी टोकापर्यंत. हात रिकामा वर आला. काठावर वाळूवाल्यानं ट्रॅक्टर चालू केला.

संगप्पा पायाचा चिखल धुवायला गुणाबाईंच्या दगडाकडं गेला. पाय टेकला आणि पटकन उचलला.

"काय टोचायलंय हितं?"

त्यानं वाकून मूठ भरली. मुठीत नखाएवढे शिंपले, घट्ट मिटलेले. एकानं तर सरपंचाच्या अंगठ्यावर पाणी उडवलं. दुसरी मूठ भरली, तीही तशीच.

ट्रॅक्टर बंद झाला.

"डोह राहिला," संगप्पा म्हणाला. "पन काका, तुमच्या ओळीत एकबी न्हाई. आता मासे हितंच ठेवायचे म्हंजे खरवड रोज ह्याच दगडावर पडाया पायजे. ठरावात घेऊ."

"घ्या की," गुणाबाई पदर खोचत म्हणाल्या, "पन भांडी कुनी घासायची ते बी घ्या. मी लई वर्सं घासली."

सभेनं भुजंगरावांकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहांगीरभाई सायकलवरून चालले होते. दगडावर भुजंगराव बसलेले, मांडीत पातेलं, हातात शिंपली, आणि भोवती माशांची ही गर्दी. जहांगीरभाईंनी एक पाय टेकवला.

"पाटील," ते म्हणाले, "डोळा वर करून घासा."